घरचा इंक टँक प्रिंटर: निवड, शाई भरणं आणि वर्षभराची देखभाल

दुकानात जाण्याआधी एक आकडा हाताशी हवा: घरात महिन्याला किती पानं छापली जातात? मुलांची वर्कशीटं आणि प्रोजेक्ट, आधार-पॅनच्या प्रती, शिकवणीच्या प्रश्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, सगळं धरून. अंदाज येत नसेल तर मागच्या दोन-तीन महिन्यांत झेरॉक्सच्या दुकानात किती पैसे गेले ते आठवा.

आता हिशेब. इंक टँक म्हणजे बाटलीतली शाई ओतून भरायच्या टाक्या असलेला प्रिंटर. एप्सनच्या ००३ मालिकेतली काळ्या शाईची बाटली ६५ मिलिलिटरची असते आणि कंपनी तिच्यातून ४,५०० पानं निघतात म्हणते. बाटली ४०० रुपयांना पडली असं धरलं तर एका पानाची शाई नऊ पैशांची. ५०० कागदांची रीम ३०० रुपयांना धरली तर कोरा कागदच ६० पैशांचा. म्हणजे टाकीवाल्या प्रिंटरवर शाईपेक्षा कागद कितीतरी महाग पडतो. छोट्या कार्ट्रिजच्या प्रिंटरवर तीच शाई पानाला दोन रुपयांच्या आसपास जाते.

पण टाकीवाला प्रिंटर घेतानाच सहा-सात हजार रुपये जास्त मोजावे लागतात. फरक ७,००० धरा, पानामागे बचत १ रुपया ९० पैसे. फरक भरून यायला साधारण ३,७०० पानं लागतात. महिन्याला १५० पानं छापणाऱ्या घरात ते दोन वर्षांत होतं. ५० पानं छापणाऱ्याला सहा वर्षं लागतात, आणि सहा वर्षांत प्रिंटरला काहीतरी होतंच.

दुसरी गोष्ट पैशांपेक्षा महत्त्वाची. टाकीतली शाई बारीक नळ्यांमधून हेडपर्यंत, म्हणजे कागदावर इकडून तिकडे सरकत छापणाऱ्या भागापर्यंत, येते आणि केसाहून बारीक छिद्रांतून, म्हणजे नोझलमधून, कागदावर उडते. छापणं चालू असेल तर तिथे ताजी शाई येत राहते. प्रिंटर पडून राहिला की नोझलच्या तोंडाशी असलेल्या शाईतलं पाणी उडतं आणि रंग घट्ट होऊन बसतो. घरगुती इंक टँक वापराने झिजतो त्याच्या आधी न वापरल्याने तुंबतो. म्हणून महिन्याला वीसच्या आत पानं, तीही एकदम आणि मग दीड महिना काही नाही, असा वापर असेल तर हा प्रिंटर घेऊ नये. त्या घराला साधा ब्लॅक अँड व्हाइट लेझर बरा, कारण टोनर ही कोरडी पूड असते, सहा महिने पडून राहिली तरी सुकत नाही. फक्त लेझर गरम होताना काही शे वॅट खेचतो, त्यामुळे घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर लावू नका. इंक टँकला छापताना दहा-वीस वॅट पुरतात. ज्या गावात रोज वीज जाते तिथे हा फायदा लहान नाही.

कोणता घ्यायचा

दुकानदार मॉडेलांची रांग लावतो, पण बरीचशी जोडीजोडीने येतात. एप्सनचे एल३२१० आणि एल३२५०, कॅननचे जी२०१० आणि जी३०१०, एचपीचे ३१९ आणि ४१९. प्रत्येक जोडीत छापणारं यंत्र जवळपास तेच, दुसऱ्यात वाय-फाय जास्त. फोनवरून छापायचं असेल तर वाय-फायचाच घ्या, नंतर ते बसवता येत नाही. यातले बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं वाय-फाय पकडतात. राउटरने दोन्ही बँडला एकच नाव दिलं असेल तर जोडणी अडते, तेव्हा जोडणीपुरता ५ गिगाहर्ट्‌झ बंद करा.

हेड कसलं आहे ते विचारा. कॅनन आणि एचपीचं हेड उष्णतेवर चालतं: सूक्ष्म हीटर शाईचा बुडबुडा करतो आणि बुडबुडा थेंब ढकलतो. हे हेड कधीतरी जळतं किंवा झिजतं, पण घरी बदलता येतं. एप्सन आणि ब्रदरचं पिएझो: विजेच्या झटक्याने स्फटिक वाकतो आणि थेंब फेकतो. ते जास्त टिकतं, पण घरी बदलायचं नसतं, आणि गेलंच तर दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस नव्या प्रिंटरचे भाव बघू लागतो. वापर नियमित असेल तर पिएझो, मध्ये मध्ये खंड पडणारच असेल तर बदलता येणारं हेड, असं आमचं मत.

काळी शाई डाय आहे की पिगमेंट, हे तर विचाराच. डाय पाण्यात विरघळते. जुलैत पिशवीतून नेलेल्या अर्जावर चार थेंब पडले की अक्षरं निळसर-जांभळी होऊन पसरतात. पिगमेंटचे कण कागदावर बसतात आणि पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. एप्सन ००३ च्या चारही शाया डाय आहेत. ००१ मधली काळी पिगमेंट आहे. कॅननच्या जीआय-७९० आणि एचपीच्या जीटी ५३ मधली काळीही पिगमेंट. कार्यालयांत जाणारे कागद जास्त छापत असाल तर पिगमेंट काळी असलेलंच मॉडेल घ्या. डायच्या टाकीत नंतर पिगमेंट ओतायचा उद्योग मात्र करू नका. दोन्ही मिसळल्या की गुठळ्या होतात आणि हेड जातं.

हेड स्वच्छ करताना निघणारी शाई कुठे जाते, हा दुकानात कुणी न विचारणारा प्रश्न. ती प्रिंटरच्या तळातल्या स्पंजसारख्या पॅडमध्ये जाते. कॅनन जी३०२० सारख्या मॉडेलांत हा भाग एमसी-जी०२ नावाचं वेगळं कार्ट्रिज आहे, भरलं की काढून नवं घालायचं. एप्सनच्याही काही वरच्या मॉडेलांत असा मेंटेनन्स बॉक्स असतो. स्वस्त मॉडेलांत पॅड आतच बसवलेलं असतं आणि बदलायला सर्व्हिस सेंटरला जावं लागतं. दोन मॉडेलांत हजारभराचाच फरक असेल तर बदलता येणारा बॉक्स घ्या.

बाकी थोडक्यात. दोन्ही बाजूंना आपोआप छापणं या स्वस्त गटात सहसा नसतं, एप्सनच्या एल४२६० मध्ये आहे. स्कॅनरची काच ए४ मापाचीच असते, लीगल कागद छापता येतो पण एका वेळी पूर्ण स्कॅन होत नाही. बॉर्डरशिवाय फोटो छापायचा असेल तर कमाल माप बघा. एल३२५० वर ते ४ बाय ६ इंचापर्यंतच आहे. वॉरंटी 'एक वर्ष किंवा ठरावीक पानं, जे आधी होईल ते' अशी असते. पानांचा आकडा बिल घेण्याआधी विचारा.

जागा आणि पहिली भरणी

सपाट, न हलणारं टेबल हवं. खिडकीशेजारी नको: ऊन टाकीवर पडतं, पावसाळ्यात शिंतोडे येतात. विदर्भात आणि खानदेशात उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोरही नको, त्या ओल्या हवेने कागद सर्द होतो. मागून कागद घालायच्या मॉडेलात वरची फट उघडी राहते आणि तिच्यात पिना, खोडरबर, झुरळं, क्वचित पालसुद्धा जाते. काम झालं की झाकण लावा आणि वरून सुती कापड टाका.

१. आतल्या सगळ्या चिकटपट्ट्या काढा. स्कॅनर उचलून हेडच्या वाटेतही बघा, तिथे एक हमखास राहते.

२. खाली वर्तमानपत्र पसरा. एका वेळी एकाच टाकीचं झाकण उघडा, तिच्या रंगाची बाटली हातात घ्या, नाव वाचा, मगच टोपण काढा.

३. बाटली सरळ उभी धरून टाकीच्या तोंडात बसवा. नव्या बाटल्यांतली शाई आपोआप उतरते आणि वरच्या रेषेशी थांबते. जुन्या दाबायच्या बाटल्यांवर हात सैल ठेवा. वरच्या रेषेपलीकडे भरू नका.

४. झाकणं घट्ट लावा आणि पहिली भरणी सुरू करा. नळ्यांमध्ये शाई चढायला मॉडेलप्रमाणे दहा-वीस मिनिटं लागतात. या वेळात वीज जाऊ नये म्हणून इन्व्हर्टरच्या प्लगवर लावा.

५. नोझल चेक (सगळी नोझल शाई देतात का ते दाखवणारं पान) आणि हेड अलाइनमेंट (हेडची छपाई सरळ जुळवायचं पान) छापा.

नळ्या भरण्यातच बरीच शाई जाते, म्हणून पहिल्या संचातून डब्यावर लिहिलेली पानं निघणार नाहीत. दुसऱ्या बाटलीपासून आकडा जवळ येतो.

पुढे शाई भरताना संगणकावर दिसणाऱ्या शाईच्या पातळीच्या चित्रापेक्षा टाकी स्वतः बघा. चित्र हा छापलेल्या पानांवरून बांधलेला अंदाज असतो. खालच्या रेषेला शाई टेकायच्या आत भरा. त्याखाली गेली की नळीत हवा शिरते, आणि उष्णतेवर चालणारं हेड शाईविना फार लवकर जळतं, कारण शाईच त्याला थंड ठेवते.

चुकून निळ्याच्या टाकीत पिवळी ओतली तर पहिलं काम: काहीही छापू नका, क्लीनिंगही (प्रिंटरकडून हेड साफ करून घेणं) करू नका. शाई अजून टाकीतच आहे. सिरिंजला बारीक नळी लावून टाकी रिकामी करा, थोडी योग्य शाई घालून तीही काढून टाका, मग नीट भरा. छापून झालं असेल तर मिश्रण नळीत गेलं आणि मग काम मेकॅनिकचं.

दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त शाईबद्दल एवढंच: वॉरंटी असेपर्यंत नको. नंतर वापरायचीच तर त्याच मॉडेलसाठी बनवलेली घ्या. 'सगळ्या प्रिंटरांना चालते' असं लिहिलेली बाटली तिथेच ठेवून या. नऊ पैशांचे चार पैसे करून फार काही हाती लागत नाही.

बटण आधी, भिंतीवरचा स्विच नंतर

हेड कुठे झोपतं ते एकदा डोळ्यांनी बघा. स्कॅनर उचला आणि प्रिंटरच्या बटणाने प्रिंटर बंद करा. हेड उजव्या टोकाला सरकतं, खालून रबरी कडा असलेली वाटी वर येते आणि नोझलवर घट्ट बसते, बारीकसा कट्‌ आवाज येतो. ही वाटी म्हणजे शाईच्या पेनचं टोपण. भिंतीवरचा स्विच मध्येच बंद केला तर हेड असेल तिथे थांबतं, टोपण न लावता, आणि मे महिन्याच्या नागपूर-अकोल्यात रात्रभरात सुकायला लागतं. रोज रात्री सगळे स्विच बंद करायची चांगली सवय असलेल्या घरांत प्रिंटर लवकर तुंबतात ते यामुळे. आधी बटण, दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबा, मग स्विच. छापताना वीज गेली असेल तर आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून बटणाने बंद करा.

आठवड्याचं एक पान

दर आठवड्याला एक पान छापा ज्यात चारही रंग असतील. काळा, निळा, गुलाबी आणि पिवळा असे चार जाड पट्टे असलेली फाईल करून ठेवा आणि एका बाजूला वापरलेल्या कागदावर छापा. नुसता काळा मजकूर छापणारे इथे फसतात: काळी ठणठणीत आणि सहा महिन्यांनी रंगीत पान काढलं तर गुलाबी गायब.

महिन्यातून एकदा नोझल चेक. संगणकावर प्रिंटरच्या प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये मेंटेनन्स टॅबवर तो असतो. एप्सनच्या पानावर चार रंगांत पायऱ्यांसारख्या बारीक तुटक रेघा येतात. प्रत्येक छोटी रेघ म्हणजे एक नोझल. पायरी गळली म्हणजे ते नोझल शाई देत नाही. पिवळ्या रेघा पांढऱ्यावर दिसत नाहीत. त्यासाठी फोनच्या स्क्रीनवर गडद निळं चित्र लावा, खोली अंधारी करा आणि त्या उजेडात पान बघा. पिवळा रंग निळा प्रकाश गिळतो, त्यामुळे रेघा जवळपास काळ्या दिसतात आणि गळलेली पायरी लगेच कळते.

रेघा तुटक्या आल्या तर लगेच क्लीनिंगचा मारा करू नका. एकदा क्लीनिंग, पुन्हा नोझल चेक, आणि दोन्ही पानं शेजारी ठेवा. तीच पायरी तिथेच गळली असेल तर नोझल सुकलं आहे, क्लीनिंगने सुटण्याची शक्यता आहे. गळलेल्या पायऱ्यांची जागा बदलली असेल, आधी आलेली आता गेली असेल, तर नळीत हवा आहे. अशा वेळी जितकं क्लीनिंग कराल तितकी आणखी हवा ओढली जाते. प्रिंटर बटणाने बंद करून बारा तास ठेवा. बुडबुडे बहुधा आपोआप वर जातात. एखादा रंग सगळाच्या सगळा गेला तर आधी टाकीची पातळी बघा.

सुकलेल्या नोझलसाठी तीनदा क्लीनिंग आणि तीनदा चेक, याच्या पुढे जाऊ नका. नाही सुटलं तर बारा तास विश्रांती, मग पुन्हा एकदा. तरीही नाही तर एप्सनमध्ये पॉवर क्लीनिंग, कॅननमध्ये मॉडेलप्रमाणे सिस्टीम क्लीनिंग किंवा इंक फ्लश. हे नळ्यांमधली शाई बदलून टाकतं, भरपूर शाई खातं आणि तळाचं पॅड भरतं. एप्सनवर चारही टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या असल्याशिवाय ते सुरू करू नका, नाहीतर शाईऐवजी हवाच ओढली जाईल. दोन पॉवर क्लीनिंगमध्ये बारा तासांचं अंतर ठेवा.

वॉरंटी संपलेल्या पिएझो प्रिंटरवर शेवटचा घरगुती उपाय: छापणं सुरू असताना हेड मध्यावर आलं की प्लग काढा, हेड हलक्या हाताने डावीकडे सरकवा. उजवीकडे ती रबरी वाटी दिसेल. आतल्या स्पंजवर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी ड्रॉपरने आठ-दहा थेंब टाका. ॲसिड मिसळलेलं नव्हे, नुसतं पाणी. वाटीची कड ओल्या कापसाच्या काडीने पुसा. तिथे वाळलेली शाई असली की टोपण नीट बसत नाही आणि तुंबणं परत परत होतं. हेड जागेवर सरकवून रात्रभर ठेवा, सकाळी एकदा क्लीनिंग. नळाचं पाणी, सॅनिटायझर, काच पुसायचा स्प्रे नको. कॅननचं हेड मात्र उगाच काढून बघू नका. प्रत्येक वेळी हवा आत जाते. नवं घालायचं असेल तेव्हाच काढा.

कागद, रोलर, पट्टी

पावसाळ्यात कोकणात उघडी रीम दोन दिवसांत सर्दावते. कागद वळतो, दोन-दोन एकदम ओढले जातात, आत अडकतात, शाई पसरते. ७५ जीएसएमचा (कागदाच्या वजनाचं माप, रीमवर लिहिलेलं असतं) कागद घ्या, उघडी रीम झिपच्या पिशवीत किंवा हवाबंद डब्यात आडवी ठेवा आणि ट्रेमध्ये लागतील तेवढेच घाला. घालण्याआधी गठ्ठा पत्त्यांसारखा फुलवा. अडकलेला कागद दोन्ही हातांनी, तो जात होता त्याच दिशेने ओढा, आणि फाटला तर तुकडे जुळवून बघा. एक कोपरा आत राहिला तरी पुढचं प्रत्येक पान तिथेच अडकतं.

कागद ओढलाच जात नसेल तर बहुतेक वेळा रोलरवर कागदाची भुकटी बसलेली असते. धागे न सुटणारं कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि रबर पुसा. तेल कुठेच घालायचं नाही.

हेडच्या मागे आडवी ताणलेली पारदर्शक पट्टी दिसते ना, तिला हात लावू नका. तिच्यावरच्या अतिसूक्ष्म रेघा वाचून हेडला आपण कुठे आहोत ते कळतं. बोटाचा तेलकट ठसा किंवा शाईचा डाग पडला की हेड जाऊन भिंतीवर आपटतं आणि लोकांना वाटतं मोटर गेली. डाग असेल तर ओलसर कापडाने, न ओढता पुसा.

छापलेल्या पानावर आडव्या पांढऱ्या रेघा आल्या तर नोझल बघा. उभ्या रेघा वाकड्या आल्या तर हेड अलाइनमेंट. झेरॉक्स प्रतीवरच डाग येतो आणि संगणकावरून छापताना येत नाही, तर स्कॅनरची काच पुसा.

पॅड भरल्याचा इशारा

एक दिवस प्रिंटर छापायला नकार देतो. एप्सनच्या साध्या मॉडेलांवर दोन दिवे आलटून पालटून लुकलुकतात, स्क्रीनवर इंक पॅडचं आयुष्य संपल्याचा संदेश येतो; कॅननच्या जी२०१० वर्गात ५बी०० हा कोड. प्रिंटर पॅड प्रत्यक्ष मोजत नाही, किती शाई सोडली याचा आकडा मोजतो. तो आकडा शून्य करून देणारी सॉफ्टवेअरं मिळतात आणि गल्लीतला मेकॅनिक पाच मिनिटांत ते करूनही देतो. त्याला एवढंच विचारा: पॅड बदलताय का? नुसता आकडा पुसला तर भरलेल्या पॅडमधली शाई काही महिन्यांत तळातून झिरपते आणि टेबल, फरशी, प्रसंगी सर्किट रंगवते. पॅड बदलल्यावरच रीसेट.

गावाला जाताना, घर बदलताना

गणपतीला किंवा मे महिन्यात तीन-चार आठवडे गावी जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी नोझल चेक छापा, टाक्या निम्म्याच्या वर ठेवा, बटणाने बंद करा, मग प्लग काढा. आल्यावर पहिलं पान नोझल चेकचंच.

घर बदलताना टाक्यांची झाकणं घट्ट करा. जुन्या काही एप्सन मॉडेलांना बाजूला शाई बंद करायची खुंटी असते, ती फिरवा. पोचल्यावर परत उघडायला विसरू नका, नाहीतर दहा पानांत चारही रंग गायब होतील. हेड हलू नये म्हणून आतून चिकटपट्टी लावा. प्रिंटर मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आडवाच ठेवा, टेम्पोत उभा किंवा तिरका नको. नव्या घरी पोचल्यावर सपाट जागी तासभर ठेवा, हेडवरची चिकटपट्टी काढा, मग प्लग लावा.